वर्गणीचं चित्रघर

वसमतच्या बाजारामागच्या गल्लीत मदीनाबीचा रंगारखाना होता. नवरा हयात होता तोवर तिथं लुगड्यांना, पागोट्यांना रंग चढायचा. तो गेला, गिरणीचा रंगीत कपडा स्वस्त झाला, आणि रंगाच्या कोरड्या कुंडांत गल्लीतल्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. पुढं १९३५च्या सुमाराला त्याच लांब, उजेडाच्या खोलीत चित्रघर उघडलं. उघडलं जमील मास्तरांनी, आणि चित्रं होती दगडोबा चिताऱ्याची.

दगडोबा गावोगाव फिरून देवळांच्या भिंती रंगवायचा. पण जीव माणसांत. देवाचं काम झालं की उरलेल्या रंगात, मांजरपाटाच्या तुकड्यावर, त्या गावातली माणसं काढायचा. कळमनुरीच्या बाजारात बैलाचे दात बघणारा दलाल. हळद शिजवणाऱ्या बाया, कढईच्या वाफेत अर्ध्या बुडालेल्या. मशिदीच्या सावलीला बसून स्वतःशीच भांडणारा म्हातारा. ही चित्रं त्यानं कधी विकली नाहीत. गुंडाळायचा आणि वसमतला आला की जमील मास्तरांच्या घरी ठेवून जायचा. पटकीच्या साथीत दगडोबा गेला तेव्हा मास्तरांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, एवढी चित्रं झाली होती.

मास्तर सरकारी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. पोरांकडून सुरई आणि पेरू काढून घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बायको तरुणपणीच वारलेली, मूलबाळ नाही. आपल्याला दगडोबासारखं कधीच जमणार नाही, हे त्यांना त्याचं पहिलं चित्र बघितलं त्याच दिवशी कळलं होतं. त्याचा त्यांनी कधी राग धरला नाही. चित्रं सांभाळायची, एवढं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

मदीनाबीला ते खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिनं खोली फुकट दिली आणि मागच्या अंगाच्या एका खणात स्वतःची चूल ठेवली. बाकी सगळं वर्गणीवर चालायचं. वर्षाला निजामाचा एक हाली रुपया दिला की माणूस चित्रघराचा सभासद. रुपया नसेल त्यानं ज्वारी द्यावी, दिव्याचं तेल द्यावं, एक दिवस भिंती सारवाव्यात. तांबट, विणकर, हळदीचे व्यापारी, शाळामास्तर, शेतकरी, अशी बरीच माणसं सभासद झाली. कुणाला कला कळायची म्हणून नव्हे. भिंतीवर ओळखीचं कुणीतरी होतं म्हणून. तांबट आळीतला एक जण तर दर शुक्रवारी यायचा आणि आपल्या मेलेल्या चुलत्यापुढं उभं राहून विडी ओढून जायचा. मास्तर त्याला विडी बाहेर ओढायला सांगायचे, तो ऐकायचा नाही.

गोजरबाई कुरुंद्याहून यायची, बाजाराच्या दिवशी. डोक्यावरची पाटी ओसरीत उतरवायची, पाय धुवायची आणि सरळ आतल्या भिंतीकडे जायची. तिथलं चित्र उत्तमरावांच्या जिनिंग कारखान्यातलं होतं. कारखान्याच्या फाटकावर गणपती-लक्ष्मी काढायला दगडोबाला बोलावलं होतं, त्याच आठवड्यात गोजरबाईचा सोनाजी यंत्रात सापडला. चालत्या यंत्राला तेल घालताना त्याचा पंचा पट्ट्यात गेला आणि पंच्यामागं तो गेला. दगडोबानं ते बघितलं आणि काढलं. चार माणसांनी घोंगडीवर उचललेला सोनाजी, केसांत कापूस अडकलेल्या बाया, मागं पट्टा, आणि कचेरीच्या दारात पांढरा फेटा बांधलेला, हात वर केलेला एक माणूस. सोनाजीचं तोंड बघणाऱ्याकडे वळलेलं होतं. तोंडाला काही झालं नव्हतं.

गोजरबाईकडे लेकाची दुसरी तसबीर नव्हती. फोटो काढायची ऐपतही नव्हती आणि काढून घ्यावा असं वयही त्याचं झालं नव्हतं. ती चित्रापुढं उकिडवी बसायची, थोडा वेळ बोलायची. घरी काय झालं, कोणाची म्हैस व्याली, कोणाचं लग्न ठरलं. मग उठून पाटीतली ज्वारी मास्तरांच्या डब्यात ओतायची.

"वर्साची वर्गणी एकदाच असती, गोजरबाई," मास्तर म्हणायचे.

"राहू द्या. बघून राहिले ना मी दर बाजाराला. फुकट कसं बघू?"

असं काही वर्षं चाललं. मग वाळवी आली.

रंगारखान्याच्या भिंती मातीच्या, वर्षानुवर्षं रंगाचं पाणी प्यालेल्या. आधी कोपऱ्यात एक बारीक मातीची रेघ दिसली. मास्तरांनी ती पुसली. दुसऱ्या आठवड्यात तशाच रेघा दाराच्या चौकटीवर चढल्या. एके सकाळी त्यांनी हळदीच्या बायांचं चित्र साफ करायला उतरवलं तर मागचा अर्धा कपडा हातात भुसा होऊन आला. पुढून बघावं तर बाया जशाच्या तशा, वाफेसकट. मागं काहीच नाही. मास्तर ते चित्र मांडीवर घेऊन बसून राहिले. मदीनाबी चुलीपासून उठून आली तेव्हा त्यांनी ते उलटं करून तिला दाखवलं.

त्यांनी सभासदांची बैठक बोलावली. दगडी जोतं, चुन्याच्या भिंती, सागवानी फळ्या आणि वर पत्रा, एवढं लागणार होतं. माणसांनी हळहळ केली. एकानं चुना देतो म्हटलं, एकानं गाडीभर दगड. पण वर्गणीतून पक्की इमारत उभी राहात नाही, हे बैठकीतल्या प्रत्येकाला कळत होतं. मास्तर मग हिंगोलीला गेले, कळमनुरीला गेले, अडत्यांच्या गाद्यांवर टेकले. एकानं विचारलं, "नाव कुणाचं लागणार?" मास्तर म्हणाले, "दगडोबाचं." त्यानं त्यांना चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवलं.

शेवटी उत्तमराव स्वतः आले. सोबत त्यांचे मुनीम किसनराव. उत्तमराव तसा अडाणी माणूस नव्हता. हैदराबादला जाऊन आलेला, चित्रांपुढं फेटा सरळ करून उभा राहणारा. त्यांनी एकेक चित्र सावकाश बघितलं, बैलवाल्या दलालाला बघून हसले, आणि आतल्या भिंतीपाशी आले तेव्हा काठी टेकून थांबले.

"मास्तर, हे मीच ना?"

"नाव घातलेलं नाही, रावसाहेब."

"पण मीच." त्यांनी काठीनं हवेतच त्या वर केलेल्या हाताकडे दाखवलं. "लोकं म्हणतात, मी बायांना कामाला लागा म्हणून हात केला. खोटं आहे. मी यंत्र थांबवा म्हणून ओरडत होतो. दगडोबा लांब होता. त्याला काय ऐकू आलं असेल?"

मास्तरांनी चित्राची कडा पुसली.

"मी इमारत बांधून देतो," उत्तमराव म्हणाले. "पक्की. फळ्या, काचा, सगळं. तुम्ही आता पेन्शनीत. तुम्हाला इथला दरमहा पगारही देतो. दोन गोष्टी आहेत. दुसऱ्याच्या जागेवर मी पैसा कसा घालू? जागा माझ्या नावावर व्हावी लागेल. खालांची चूल त्या जित्या असेतोवर कोणी हलवणार नाही, हा माझा शब्द. आणि उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब येतील. त्यांच्यापुढं हे चित्र नको."

"तेवढ्यापुरतं?"

"तेवढ्यापुरतं," उत्तमराव म्हणाले. "माझ्याकडं नीट राहील. शिसवी पेटीत."

त्या रात्री मास्तरांनी स्वतःला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: दगडोबा लांब होता, त्याला ऐकू आलं नसेल. यंत्राचा आवाज केवढा असतो. माणूस हात वर करतो तेव्हा तो थांबा म्हणतोय की चालू द्या म्हणतोय, हे चित्रात कसं कळणार? सकाळपर्यंत त्यांना ते पटलं होतं. पटवून घेणं भागच होतं, कारण वाळवी आता दलालाच्या बैलापर्यंत पोचली होती.

मदीनाबीला समजावणं अवघड गेलं नाही, आणि तेच मास्तरांना नंतर फार लागलं. जागा नावावर करायच्या कागदाकडे ती बघतसुद्धा नव्हती.

"तू वाचलास ना?" तिनं विचारलं.

"वाचला, खाला."

"मग मला काहून विचारतोस? बोट कुठं टेकवू ते सांग."

सभासदांची बैठक मास्तरांनी बाजाराच्या दिवशी ठेवली नाही, मधल्या वारी ठेवली. बाहेरगावची माणसं आली नाहीत. मास्तर म्हणाले, "एक चित्र काही दिवस बाजूला ठेवावं लागेल." कोणतं, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. तांबटानं जमिनीकडं बघत विडी पेटवली, विणकर म्हणाला, "एकासाठी सगळी कशी घालवायची," आणि बैठक संपली. दुसऱ्या दिवशी किसनराव गाडी घेऊन आले. मास्तरांनी चित्र स्वतः उतरवलं, धुतलेल्या धोतरात गुंडाळलं, आणि गाडीत उभं न ठेवता आडवं ठेवा म्हणून दोनदा बजावलं.

इमारत वर्षभरात झाली. दारावर संगमरवरी पाटी लागली: उत्तमराव चित्रमंदिर. साहेब आले, हार झाले, साहेबांनी हळदीच्या बायांपुढं थांबून इंग्रजीत काही चांगलं म्हटलं. त्या चित्राच्या मागं मास्तरांनी नवा कपडा चिकटवला होता.

पुढच्या बाजाराला गोजरबाई आली. दारातली फरशी बघून तिनं पाय दोनदा धुतले. आत आली, आतल्या भिंतीकडे गेली. मग दुसऱ्या भिंतीकडे. मग परत पहिल्या. सगळी खोली तिनं भिंतीला हात लावत फिरून बघितली. शेवटी मास्तरांपुढं उभी राहिली.

"मास्तर, सोनाजी कुठं लावला?"

"दुरुस्तीला गेलंय चित्र," मास्तर म्हणाले. "वाळवी लागली होती."

"तोंडाला लागली का?"

"नाही. तोंडाला नाही."

"मग बरं," ती म्हणाली, आणि ज्वारी ओतायला डबा शोधू लागली. डबा आता नव्हता. पगारी चित्रमंदिरात ज्वारीचा डबा शोभत नाही म्हणून किसनरावांनी तो काढायला लावला होता. तिनं ज्वारी मदीनाबीच्या सुपात ओतली.

ती दर बाजाराला यायची आणि विचारायची. मास्तर दर वेळी सांगायचे. हैदराबादला पाठवलंय. कारागीर आजारी आहे. रंग मिळत नाहीत, लढाई सुरू झालीय. लढाई खरंच सुरू झाली होती, म्हणून ते वाक्य म्हणताना मास्तरांना थोडं सोपं जायचं.

वर्गणी आटत गेली. कुणी भांडलं नाही. "आता मालकच देतात ना सगळं," लोक म्हणायचे, "आमचा रुपया कशाला?" रुपया बंद झाला तसं येणंही बंद झालं. तांबट शुक्रवारी आला तर पाटीवाल्या दाराशी थबकायचा, आत बघायचा, आणि विडी रस्त्यातच ओढून परत जायचा. इमारत स्वच्छ होती, वाळवी नव्हती, काचा चमकत होत्या, आणि दिवसचे दिवस आत मास्तरांच्या स्वतःच्या पावलांशिवाय आवाज नसायचा.

शेवटी मास्तर कारखान्यावर गेले. उत्तमराव बाहेरगावी होते. कचेरीत किसनराव एकटेच सुपारी कातरत बसले होते.

"मुनीमजी, ते चित्र आता द्या. साहेब येऊन गेले त्याला किती दिवस झाले. मी दर्शनी लावणार नाही, आत लावीन."

किसनराव अडकित्ता खाली ठेवेनात. "मास्तर, तुमी हे विचारायला येऊ नये असं मला वाटत होतं."

"काहून?"

"ते न्हाई आता."

"म्हणजे?"

"आणलं त्याच दिवशी. बॉयलरमधी. मालक समोर उभे होते, मीच टाकलं." किसनरावांनी दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "धोतर तुमचं होतं ना? ते काढून ठेवलंय. देऊ का?"

मास्तरांनी धोतर घेतलं नाही. घरी येताना ते दोन गल्ल्या चुकले.

पुढं जे केलं ते त्यांनी वाईट हेतूनं केलं नाही. घरात कडी लावून त्यांनी मांजरपाट ताणला, दगडोबा जसा काजळ आणि गेरू खलायचा तसा खलला, आणि सोनाजी काढायला बसले. कारखाना काढला नाही, पट्टा नाही, हात वर केलेला माणूस नाही. फक्त घोंगडीवरचं पोरगं. आयुष्यभर पोरांना चित्रकला शिकवलेला हात. प्रमाणं चुकली नाहीत. कितीतरी वेळा खोडलं, कितीतरी वेळा काढलं. बाजाराच्या दिवशी त्यांनी ते आतल्या भिंतीवर लावलं आणि गोजरबाई पाय धुवून येईपर्यंत दाराआड उभे राहिले.

ती चित्रापुढं उकिडवी बसली. काही बोलली नाही. मग उठली आणि अगदी जवळ जाऊन बघू लागली.

"मास्तर, हे कोण निजलंय?"

"सोनाजी."

"न्हाई." तिनं मान हलवली. रागानं नाही, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखी. "लेकरू कोणाचं बी असू द्या, चांगलं हाय. पण हा माझा न्हाई."

 दुरुस्तीला, हैदराबादला, लढाई, हे शब्द सगळे मास्तरांच्या तोंडाशीच होते. त्यांनी ते उचलले नाहीत. त्यांनी तिला सांगितलं. इमारत, साहेब, बैठक मधल्या वारी का ठेवली ते, गाडी, बॉयलर. सांगताना त्यांनी तेही सांगितलं की मालक म्हणाले, हात यंत्र थांबवायला वर केला होता.

गोजरबाईनं सगळं उभ्यानं ऐकलं.

"थांबवायला?" ती म्हणाली. "मला सांगावा आला तेव्हा ऊन उतरत होतं. मी कुरुंद्याहून पळत आले. फाटकाबाहेर लेकरू ठेवलं होतं, कापसाच्या पोत्यावर. माझ्यापाशी बसायला एक बाई न्हाई. काहून न्हाई? तर सगळ्या आत कामाला. यंत्राचा आवाज येऊन राहिला होता. दिवेलागणीपतोर येऊन राहिला. मी रडून राहिले ते मलाच ऐकू येईना." मग ती म्हणाली, "तुमी मला एकदा बी विचारलं न्हाई, मास्तर. मी दर बाजाराला येत होते."

ती गेली. त्यानंतर बरेच बाजार ती चित्रघराकडे फिरकली नाही.

१९४१ संपता संपता जपान लढाईत उतरला आणि इकडचा जाडा कापूस तिकडं जायचा बंद झाला. उत्तमरावांच्या कारखान्यात रुईच्या गठाणी साचल्या. आवारात, व्हरांड्यात, कचेरीतसुद्धा. एके दिवशी किसनराव आले आणि दारातूनच म्हणाले की चित्रमंदिर रिकामं करायचं आहे.

"चित्रं कुठं न्यायची?" मास्तरांनी विचारलं.

"मालक म्हणाले, तुमची हायेत, तुमी बघा."

"ही जागा सभासदांची आहे."

"कोणते सभासद?" किसनरावांनी खरंच विचारावं तसं विचारलं. "आणि खालांनाबी सांगा. तो मागचा खण बी लागणार."

मास्तर उत्तमरावांकडं गेले, त्यांना दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. उत्तमराव त्रासलेले होते. माल अडकला, पैसा अडकला. "मास्तर, शब्द मी चांगल्या काळात दिला होता," ते म्हणाले. "हा चांगला काळ आहे का? म्हातारीचं भाडं मी कुठंतरी भरतो." ते भाडं पुढं कधी भरलं गेलं नाही.

मदीनाबीची एक पुतणी गोरेगावला होती. तिच्याकडं जायचं ठरलं. मास्तरांनी मदीनाबीपुढं मान खाली घालून काहीतरी म्हणायला सुरुवात केली, तर तिनं तवा पुसत विचारलं, "त्या कागदात हे लिहिलं होतं का?"

"नव्हतं, खाला. चुलीचं त्यात काहीच लिहिलं नव्हतं. लिहून घ्यायला पाहिजे होतं."

"मला वाचता येत असतं तर मी घेतलं असतं," ती म्हणाली. एवढंच. पण जाईपर्यंत ती त्यांच्याशी परत बोलली नाही, आणि गोरेगावला पोचून पहिल्याच हिवाळ्यात गेली. मास्तरांना ते माती दिल्यावर कळलं.

त्यांनी घरोघर जाऊन जुन्या सभासदांना सांगितलं: या, एकेक चित्र घरी घेऊन जा, जपा. मोजकीच माणसं आली. तांबटानं चुलत्याला खांद्यावर टाकून नेलं. विणकराच्या घरी लग्न होतं. तो म्हणाला, नंतर बघू. हळदीच्या व्यापाऱ्यानं मोठं बघून एक नेलं. पुढं ते त्याच्या दुकानात पोत्यांवर झाकलेलं एकानं पाहिलं. बाकीची मास्तरांनी स्वतःच्या घरात रचली, छतापर्यंत. काही तशीच मागं राहिली आणि त्यांच्यावर गठाणी आल्या.

कुरुंद्याला मास्तर पायी गेले. गोजरबाई अंगणात तुरीच्या शेंगा झोडत होती. त्यांना बघून तिनं काठी खाली ठेवली नाही.

"गोजरबाई, तुम्ही सभासद आहात. तुम्हाला हवं ते चित्र मी आणून देतो."

"चित्र नको मला."

"मग काय देऊ?"

तिनं बराच वेळ झोडपणं चालू ठेवलं. "त्या चित्रात काय होतं ते फाटकावर येऊन सांगा," ती म्हणाली. "दुपारी, बाया भाकरी खायला बाहेर बसतात तेव्हा. नव्या पोरी आल्यात, त्यांना कोणी सांगत न्हाई. मी सांगितलं तर म्हणतात म्हातारी येडी झाली. तुमी मास्तर हात. तुमचं ऐकतील."

मास्तर गेले. फाटकावरच्या दगडोबाच्या गणपती-लक्ष्मीचे रंग उडाले होते. त्याखाली, सावली होती तेवढ्यात, बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. मास्तरांनी आयुष्यात वर्गाबाहेर भाषण केलं नव्हतं.  मग वर्गात फळ्याकडे बोट करून सांगावं तसं त्यांनी हवेत बोट धरून सांगायला सुरुवात केली. इथं घोंगडी होती. इथं चार माणसं. इथं पट्टा, चालू असलेला. इथं कचेरीचं दार. दारात कोण होतं, हे त्यांनी नाव घेऊन सांगितलं. आणि हे चित्र मी माझ्या हातानं उतरवून दिलं, तेही सांगितलं.

पोरी ऐकत होत्या. एक म्हातारी बाई मागून म्हणाली, "व्हय. मी होते. माझ्याच रेच्याला, सरकी काढायच्या यंत्राला, तेल घालत होता." तोवर पहारेकरी धावत आला, त्यानं मास्तरांना छातीवर ढकललं, आणि ते भाकरीच्या फडक्यांमध्ये पडले. संध्याकाळी ठाण्यावरून शिपाई आले. माणसांना चिथावतो, असा त्यांच्यावर आरोप होता. काही दिवस त्यांना कोंडून ठेवलं. सोडलं तेव्हा डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. दरम्यान कारखान्यात दोन दिवस काही बाया कामावर गेल्या नाहीत. मग गेल्या. जाणं भागच होतं. सोनाजीबद्दल मालकाकडून गोजरबाईला काही मिळालं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

मास्तरांच्या घरमालकानं घर खाली करायला लावलं, आणि वसमतात त्यांना दुसरं भाड्यानं द्यायला कुणी तयार होईना. कळमनुरीत एका ओळखीच्या माणसानं दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम देतो म्हटलं. त्यांनी चित्रं गाडीत भरली; वर ताडपत्री बांधली. बाजाराचाच दिवस होता. गाडीवान बैल जुंपत असताना गर्दीतून गोजरबाई आली, डोक्यावर पाटी. ती गाडीपाशी थांबली. मास्तरांना वाटलं, ताडपत्रीखाली बघायचं असेल, म्हणून ते दोरी सोडू लागले.

"राहू द्या," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं. तुमी फाटकावर सगळं सांगितलं, पण पायाचं सांगितलं न्हाई. त्या चित्रात त्याच्या पायात वहाणा होत्या का? मी त्याला नव्या घेतल्या होत्या त्या दिवाळीला. फाटकाबाहेर ठेवला तेव्हा पाय झाकलेले होते. चित्रात मी सारखं तोंडच बघत बसले. पायाकडं ध्यान गेलंच न्हाई माझं."

मास्तर दोरीवर हात ठेवून उभे राहिले. ते चित्र त्यांनी रोज पुसलं होतं. डोळे मिटून त्यांनी घोंगडी आणली, चार माणसं आणली, केसांतला कापूस आणला. पायांपाशी काहीच येईना. होत्या म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"आठवत नाही, गोजरबाई," ते म्हणाले.

तिनं मान हलवली. गाडीवानानं बैलांना हाक घातली, आणि ती पाटी सावरत बाजारात गेली.